हाताचा नियम

“आकडा बरोबर आणि दिशा उलटी. परत. मी काय आरशात बघून गणितं सोडवते?”

दाराबाहेरच्या बाकावरची ही कुरकुर आत अगदी कानाशी ऐकू आली आणि फळा पुसणाऱ्या बाईंचा हात मध्येच थांबला. दार नुसतं लोटलेलं होतं.

“अगं हळू बोल,” दुसरा आवाज म्हणाला. “आत आहेत त्या.”

“असू देत ना. मी माझ्या नशिबाला बोलतेय.”

पहिला आवाज वर्गात ‘वकील’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलीचा. अर्ध्या मार्कासाठी ती तपासणाऱ्याशी वाद घालायची आणि बहुतेक वेळा तो अर्धा मार्क घेऊनच उठायची. दुसरी तिची मैत्रीण. ती कायम वकिलाच्या मागे असते म्हणून तिला ‘शेपूट’ असं नाव पडलं होतं, आणि तिने ते तक्रार न करता वागवलंही होतं.

बाईंनी डस्टर खाली ठेवलं. फळ्यावरच्या निम्म्या रेघा पुसल्या गेल्या होत्या, निम्म्या तशाच होत्या. दिशा उलटी. मागे चष्मेवाल्या मुलानेही हेच सांगितलं होतं, त्याच्या आधी आणखी एका मुलीने. तेव्हा त्यांनी दोघांनाही ‘चिन्हं नीट बघत जा’ म्हणून वाटेला लावलं होतं. पण वेगवेगळी डोकी एकच चूक करायला लागली, की ती चूक त्या डोक्यांची राहत नाही, त्यांना शिकवणाऱ्या डोक्याची होते. एवढं तर्कशास्त्र बाईंकडे अजून शिल्लक होतं. बाकी काय काय शिल्लक आहे, याचीच त्यांना धास्ती होती.

थंडीत त्यांना झटका येऊन गेला होता. डॉक्टर त्याला सौम्य म्हणाले. डॉक्टरांच्या अंगावर येत नाही तोवर सगळंच सौम्य असतं. जीभ काही दिवस जड राहून परत आली. पाय परत आला. हात आला नाही. तो स्वेटरच्या खिशात असायचा, आणि उन्हाळा लागला तरी बाईंनी स्वेटर सोडला नव्हता. डोक्याला काहीही झालेलं नाही, असं डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं. त्यासाठी त्यांनी बाईंना प्राण्यांची चित्रं दाखवून नावं विचारली आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बाईंनी उंट ओळखला, गेंडा ओळखला, वजाबाकीही केली. पण समाधान काही झालं नाही. ज्या डोक्याने जन्मभर विद्युतचुंबकत्व शिकवलं, ते धड आहे हे गेंड्यावरून कसं ठरणार? त्या विषयातला कर्ल म्हणजे काय, हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

कॉलेजात परत आल्या तेव्हा विभागप्रमुख त्यांना भेटायला स्वतःच्या खोलीतून उठून आल्या. दोघी एका वर्गात शिकलेल्या. एकमेकींना अगं-तुगं करणाऱ्या. प्रमुख म्हणाल्या, सध्या नुसता शंकांचा तास घे, व्याख्यानांचं पुढच्या सत्रात बघू. त्या ‘बघू’मध्ये काय काय मावतं, हे बाईंना चांगलं माहीत होतं. त्यांनी स्वतः कितीतरी पोरांना ‘बघू’ म्हटलं होतं.

शंकांचा तास ही बाईंनीच फार पूर्वी सुरू केलेली पद्धत. प्रयोगशाळेला लागून असलेल्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीनंतर, ज्याला यायचं त्याने यावं. अट एकच: गणित सोडवून मागायचं नाही. ‘कसं’ विचारायचं नाही, ‘का’ विचारायचं. पहिल्या वर्षाची पोरं यायला बिचकायची, कारण ‘कसं’ विचारताना माणूस अडलेला दिसतो आणि ‘का’ विचारताना मूर्ख दिसतो, असा त्यांचा समज असायचा. तो समज घालवण्यातच बाईंचे पहिले काही तास जात.

“या आत,” बाईंनी हाक मारली. “नशिबालाही घेऊन या.”

दोघी आत आल्या, त्यांच्या मागून बाकीची पोरंही आली आणि खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

त्या दिवशीचा प्रश्न चष्मेवाल्याचा होता. तो म्हणाला, कर्ल म्हणजे फिरणं, असं सगळे सांगतात. पण नदीचं पाणी सरळ चाललंय, कुठे भोवरा नाही, काही नाही, तरी पुस्तक म्हणतं की इथे कर्ल आहे. जिथे काही फिरतच नाही तिथे फिरणं आलं कुठून?

बाईंच्या चेहऱ्यावर पाणी मारल्यासारखी तरतरी आली. असा प्रश्न आला की त्यांना स्वेटर, खिसा, गोळ्या, सगळ्याचा विसर पडायचा. त्यांनी विचारलं, सुट्टी झाल्यावर जिन्यापाशी गर्दी होते, ती कशी चालते? मधली पोरं पळत असतात आणि भिंतीलगतची रेंगाळत, बरोबर? आता असं समजा, की तुम्ही दोघांनी एक लांब बाक आडवा धरलाय, आणि त्या गर्दीतून सगळ्यांसारखे सरळ पुढे निघालायत. एकाचा खांदा भिंतीला घासतोय, दुसरा मधल्या लोंढ्यात. काय होईल?

“शिव्या पडतील,” मागून कोणीतरी म्हणालं.

“त्या पडतीलच. बाकाचं काय होईल?”

शेपटीने जागेवरच दोन्ही हात पसरून अंदाज घेतला. मधल्याला लोंढा पुढे ढकलेल, ती हळूच म्हणाली, भिंतीकडचा मागे राहील, आणि बाक वळेल.

“वळेल. माणसं सगळी सरळ चाललीयत, आणि तरी बाक फिरला. कर्ल हा गर्दीला विचारायचा प्रश्न नाही, बाकाला विचारायचा आहे. पाण्यावर एखादं पान पडलं तर ते जागच्या जागी गिरकी घेईल का, एवढंच तो विचारतो.”

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. हे त्याचं समाधान झाल्याचं लक्षण होतं. वर्गातून एक बारीकसा ‘आं’ असा आवाज गेला. त्या आवाजासाठी तर बाईंनी सगळा जन्म या खोलीत घालवला होता.

“आता दिशा,” त्या म्हणाल्या. “पान ज्या बाजूने फिरतं तशी बोटं वळवायची. अंगठा दाखवेल ती कर्लची दिशा. हाताचा नियम.”

खडू ठेवून त्यांनी हात वर केला, बोटं वळवली. अंगठा खाली, जमिनीकडे गेला. समोर सगळ्यांनी आपापले हात उचलले, बोटं वळवली, अंगठे खाली केले आणि माना घालून लिहून घेतलं. दाराशी प्रॅक्टिकलवाले सर उभे होते. ते बाईंचेच जुने विद्यार्थी, आता याच विभागात नोकरीला. त्यांनी बाईंच्या हाताकडे पाहिलं आणि लगेच खिडकीबाहेर, जिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

पोरं गेल्यावर बाईंनी तेच उदाहरण फळ्यावर घेतलं. या वेळी बोटं-अंगठा नाही. सरळ अक्ष मांडले, घटक घेतले, डेरिव्हेटिव्ह काढले. अक्षर वेडंवाकडं येत होतं, पण वाचता येत होतं. उत्तर आलं: वर. त्यांनी पुन्हा केलं. वर. मग फळ्यासमोर उभं राहून हात उचलला आणि बोटं वळवली. खाली.

एकच पान, एकच नदी, आणि त्यांच्याच डोक्यातून निघालेली दोन उत्तरं.

त्यांनी आणखी उदाहरणं घेतली. चुंबकीय क्षेत्रात शिरलेला कण कुठे वळेल: उलट आलं. एका तारेभोवतीचं क्षेत्र: उलट. मग शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन तारा, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, त्या एकमेकींना ओढतील की ढकलतील? ओढतील. हे बरोबर आलं. तेव्हा बाई जास्तच घाबरल्या. सगळंच चुकलं असतं तर एक वेळ त्यांनी मान्य केलं असतं, की हा भाग पुसला गेला. पण कधी चूक, कधी बरोबर, म्हणजे आतला दिवा लुकलुकतोय. आणि लुकलुकणारा दिवा पुढे काय करतो, ते सांगायला फिजिक्स लागत नाही.

घरी नवऱ्याने चहा करून ठेवला होता. हल्ली तो सगळंच आधी करून ठेवायचा. जॅमच्या बाटलीचं झाकण आधीच सैल करून ठेवलेलं, पावाला लोणी लावलेलं, टूथपेस्टचं टोपण काढून बाजूला. आणि हे सगळं आपोआप झाल्यासारखा चेहरा. घरातून ‘उजवा’ हा शब्दच नाहीसा झाला होता. गाडी चालवताना बाई त्याला वाट सांगत, तेव्हा ‘इकडे’ आणि ‘त्या बाजूला’ असं सांगत, आणि तोही निमूटपणे वळत असे. एकदा दोघं त्यापायी गावाबाहेर जाऊन आले होते आणि कोणीच काही बोललं नव्हतं.

“मी म्हणते, पुढच्या सत्रात नकोच,” बाई म्हणाल्या. “शंकांचा तासही नको. उद्या तिला सांगून टाकते.”

“तुला वाटेल तसं कर,” तो म्हणाला. फार लवकर म्हणाला, आणि उठून आधीच विसळलेला कप पुन्हा विसळायला लागला.

बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. त्याला वाटलं असणार, की हात आड येतोय म्हणून ही सोडतेय. खरं कारण त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण सांगवेना. डोकं जातंय, असं एकदा म्हटलं की घरातले सगळेच त्यांच्याकडे चित्रातल्या गेंड्याकडे बघावं तसे बघतील.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांकडे जाण्याआधी बाई प्रयोगशाळेत गेल्या. प्रॅक्टिकलवाले सर पोरांच्या चाचणीचे पेपर तपासत बसले होते. बाईंनी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसून सरळच विचारलं.

“खरं सांग. माझं चुकतंय का रे काही?”

“छे हो बाई. काहीतरीच काय?”

“दिशा उलट्या येतायत पोरांच्या.”

“पोरं आहेत. धांदरट असतात,” असं म्हणून ते पेपरांचा गठ्ठा टेबलावर आपटून सारखा करायला लागले. गठ्ठा मुळात सारखाच होता.

ते विद्यार्थी होते तेव्हाही त्यांना खोटं बोलता येत नसे; प्रयोगाची आकडेवारी बनवून आणली की कान लाल व्हायचे. आज कान लाल झालेले बाईंनी पाहिले, आणि त्यांना हवं होतं ते उत्तर मिळालं. चुकतंय. आणि ते सांगण्यासारखं नाही.

सरांचं खरं असं होतं, की त्यांनी बाईंची चूक पहिल्याच तासाला पाहिली होती आणि जाऊन प्रमुखांना सांगितली होती. प्रमुख म्हणाल्या, तिला कोणी काही बोलायचं नाही; त्या विषयावरच जायचं नाही. म्हणून सर पेपर तपासताना उलट्या दिशेलाही मार्क देत होते. आदल्या संध्याकाळी वकील हातात पुस्तक घेऊन त्यांच्याकडे आली होती. पुस्तकातल्या चित्राशी आपलं जुळत का नाही, ते तिने एकटीने शोधून काढलं होतं. सरांनी ते ऐकून घेतलं, शाबासकी दिली आणि बजावलं, की तुला कळलं ना, मग तू तुझ्यापुरतं नीट कर, बाईंसमोर एक अक्षर काढायचं नाही. गप्प राहण्याची सवय वकिलाला नव्हती. तिने कबूल केलं, पण तोंड कडू करून.

प्रमुखांच्या खोलीला कुलूप होतं. त्या कुठल्याशा मीटिंगला गेल्या होत्या. बाई तशाच शंकांच्या खोलीत आल्या. खोली भरलेली होती. सांगायचंच आहे तर आधी यांना सांगू, असं त्यांना वाटलं. पण सगळे बसायच्या आतच वकील मागच्या चाचणीचा पेपर घेऊन उभी राहिली.

“बाई, मला या उत्तराला पूर्ण मार्क मिळालेत. उत्तर चूक आहे.”

“मग गप्प बस ना,” कोणीतरी पुटपुटलं.

“का बसू? मला फुकटचे मार्क नकोत.” मग ती बाईंकडे वळली आणि एकेक शब्द चाचपून बघत बोलायला लागली. “बाई, मी सगळी उदाहरणं काढून पाहिली. एका तारेचं उलट येतं. कण वळतो त्याचंही उलट येतं. पण दोन तारांचं दर वेळी बरोबर येतं. कारण तिथे नियम दोनदा लावायचा असतो. एकदा क्षेत्रासाठी, मग बलासाठी. दोनदा उलटं झालं, की सरळ होतं.”

सर दाराशी येऊन उभे राहिले होते. त्यांनी घसा खाकरला. वकिलाने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

बाई मात्र तिच्याकडे बघतच राहिल्या. दोनदा उलटं झालं की सरळ. म्हणजे दिवा लुकलुकत नव्हता. म्हणजे हे कधी चूक, कधी बरोबर असं नव्हतंच. दर वेळी चूकच, आणि दर वेळी एकाच बाजूला. इतकी शिस्तीत होणारी चूक त्यांनी आजवर यंत्रात पाहिली होती, तराजूत पाहिली होती, पण बिघडलेल्या डोक्यात? काही क्षण त्यांच्या आत काहीतरी सैल झालं. मग त्यांनी पुन्हा स्वतःलाच आवरलं. चूक शिस्तीतली असली तरी कुठे होतेय ते दिसत नाही, आणि जे या मुलीला दिसलं ते आपल्याला दिसलं नाही. हेही डोक्याचंच लक्षण.

“छान शोधलंस,” त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या. त्या वर्गात कधी बसत नसत. “बरं झालं, आज सगळे आलात. हा माझा शेवटचा तास. पुढच्या सत्रात तुम्हाला सर शिकवतील.”



“आजारपण झालं हे तुम्हाला माहीतच आहे. मला वाटलं होतं, डोकं वाचलं. पण मी शिकवलेलं उलट येतंय, आणि कुठे चुकतंय ते माझं मलाच सापडत नाही. बोटं वळवते, अंगठा बघते, नियम तोच, आणि उत्तर दुसरंच. ज्याला स्वतःच्या डोक्याचा भरवसा नाही, त्याने दुसऱ्याच्या शंका सोडवू नयेत. एवढंच.”

चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि या वेळी पुसला नाही, नुसता धरून बसला. वकिलाने दाराकडे पाहिलं. सर जमिनीकडे बघत होते. त्यांचे कान पेटले होते. तिने थोडी वाट पाहिली, अगदी प्रामाणिकपणे वाट पाहिली. ते बोलणार नाहीत हे कळल्यावर तिने पेपर बाकावर ठेवला. शेपटीने तिची बाही ओढली. तिने बाही सोडवून घेतली.

“बाई, तुमचं डोकं ठीक आहे,” ती म्हणाली. “हात चुकीचा आहे. तो डावा आहे.”

दाराशी सर ‘अगं’ एवढंच म्हणाले.

बाईंनी मान खाली घातली. मांडीवर त्यांचा हात होता, नखांत खडूची भुकटी गेलेला. तो त्यांनी डोळ्यांसमोर आणला, बोटं वळवली, अंगठ्याकडे पाहिलं. खाली. त्या त्याच्याकडे अशा बघत होत्या, जणू कोणी परका माणूस आपला कोट घालून घरात वावरतोय आणि हे आत्ता ध्यानात आलंय. नियम म्हणजे हात वर करायचा, जन्मभर केला होता. जो वर आला तो त्यांनी केला. दुसऱ्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं, मग हा कुठला ते कशाला बघतील?

आधी त्यांचे खांदे हलले. पुढच्या बाकावरच्यांना वाटलं, की त्या रडतायत, आणि एकीने घाईने पाण्याची बाटली उघडली. पण बाई हसत होत्या. आवाज न करता, मग आवाज करून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गेंडा बरोबर होता. सात-सात वजा केलेले सगळे बरोबर होते. नदी, पान, बाक, गर्दी, सगळं जागच्या जागी होतं. फक्त आरशातलं होतं. कितीतरी दिवसांनी त्यांनी पोटापर्यंत श्वास घेतला.

“आणि हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?” त्यांनी दाराकडे बघत विचारलं.

“आम्हाला नाही,” शेपूट घाबरून म्हणाली. “आम्ही आपलं तुम्ही दाखवलंत तसं केलं.”

“मला होतं,” सर म्हणाले. “मॅडमनाही. आम्हाला वाटलं... तो विषय नको.”

“अरे गाढवा,” बाई म्हणाल्या. ते विद्यार्थी असताना म्हणायच्या तशाच, अगदी मायेने. “मी वेडी झालेली चालली असती होय रे तुम्हाला?”

सरांनी मान हलवली, नाही म्हणून, आणि बराच वेळ हलवत राहिले. खोलीत कुठेतरी हसू फुटलं, कोणीतरी ते दाबायला गेलं आणि मग दाबेनासं झालं.

ते ओसरेपर्यंत बाई थांबल्या. मग त्यांनी एका हाताने दुसरा हात स्वेटरच्या खिशातून काढला, झोपलेल्या पोराला उचलावं तसा सावकाश, आणि टेबलावर सगळ्यांसमोर ठेवला. बोटं जराशी आत वळलेली होती. त्यांनी स्वतःही त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

“नियम उजव्या हाताचा आहे,” त्या म्हणाल्या. “माझा उजवा हात चालत नाही. कोणीतरी पुढे या, तुमचा लागेल.”